बाबांच्या संत्र्याबद्दल, शुभास

नागपूर,
२५ जून

प्रिय शुभे,

परवा फोनवर तू एका दमात बोलत होतीस आणि मी नुसती हो हो करत राहिले, कारण मी काटोलच्या बसमध्ये उभी होते आणि कंडक्टर सुट्ट्यांवरून माझ्याशी भांडत होता. म्हणून हे पत्र. माझ्या त्या हो-हो ला होकार समजू नकोस.

तुझं ठरलंय की या वर्षीपासून तुझ्या बाबांच्या वावरात फवाऱ्याचं एकही औषध नाही, युरियाचं एकही पोतं नाही. ३०० झाडं संत्र्याची, ३ एकर कपाशी, बाबांचं वय सत्तरीच्या पुढे, दादाचा विरोध, आणि तू पुण्यात. वर मला म्हणतेस, "तू तर हेच काम करतेस, तू बाबांना सांग." करते गं. आठ वर्षं हेच करून राहिले. आणि एकदम सगळं बंद करायला लावण्याचा पराक्रमही एकदा करून चुकलेय, तो तुला कधी सांगितला नाही.

कोंढाळीच्या पुढे एका गावात एक काका होते. चार एकर, सोयाबीन आणि तूर. मी संस्थेत नवी, वर्षही झालं नव्हतं, उकिरडा दिसला की मला सोनं दिसायचं. त्यांच्या घरामागचा ढीग वरून कोरडा खडखडीत होता. आत हात घातला तर गरम, ओलं, शेणाचा वास तसाच. मी म्हटलं, चालतं काका, टाका. पाच बंड्या, म्हणजे पाच बैलगाड्या, खत पडलं. युरिया नाही, डीएपी नाही. मी खूश, वहीत नोंद केली.

जुलैच्या शेवटी सोयाबीनमध्ये पिवळे चट्टे दिसायला लागले. पाण्याची ओढ असेल, असं मी म्हणाले. काकांनी खाली वाकून एक झाड धरलं. उपटावं लागलंच नाही, ते आपोआप हातात आलं. मुळं नव्हतीच. पायाने माती उकरली तर चंद्रकोरीसारखी वाकलेली, पांढरी, लठ्ठ अळी, तपकिरी डोक्याची. एकेका हाताच्या अंतरावर तीन-तीन, चार-चार. हुमणी. वळवाचा पाऊस पडला की तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर गोळा होतात, आणि अंडी घालायला त्यांना कच्च्या शेणासारखी जागा नाही. मी ती जागा बंड्यांनी वावरात नेऊन ओतली होती.

काका ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "तुमी सांगून गेल्या बाई. पन अळी आली तवा तुमी नव्हत्या. तो दुकानवाला होता."

शुभे, मी शेती कॉलेजात चार वर्षं जे शिकले त्यापेक्षा या एका वाक्याने मला जास्त शिकवलं. आपण शहरात बसून समजतो की कास्तकाराला औषधांचा मोह आहे किंवा तो अडाणी आहे. तसं काही नाही. कृषी केंद्रवाला, म्हणजे खत-औषधांचा दुकानवाला, त्याला औषधाच्या डब्यासोबत दोन गोष्टी देतो ज्या आपण देत नाही. एक म्हणजे उधारी, कापूस विकेपर्यंतची. आणि दुसरी म्हणजे त्याच दिवशी उत्तर. पान तोडून नेलं, काउंटरवर ठेवलं, की दोन मिनिटांत "हे घ्या, आणि सोबत हे टॉनिक". सल्ला चुकीचा असेल, तीन औषधं एकत्र करायला सांगत असेल, पण माणूस हजर असतो. आपलं कंपोस्ट मुकं असतं, आणि ते सांगणारी बाई सव्वापाचच्या बसने नागपूरला परत गेलेली असते.

त्या तीन औषधांच्या मिश्रणाची किंमत आपल्याला माहीत आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, दमट हवा, अंगात बनियन, आणि औषध ढवळायला काडी नाही तर हात. त्या वर्षी दुकानाच्या काउंटरवर डब्यावरचा अतिविषारीचा लाल त्रिकोण कोणी कोणाला दाखवला असेल? म्हणून तुझी तळमळ मला कळते. बाबांनी पंप पाठीला लावू नये असं मलाही वाटतं. पण त्याचा रस्ता "आजपासून बंद" हा नाही.

आता हिशेब बघ, तू बँकेत आहेस, तुला पटेल. युरियाचं एक पोतं ४५ किलोचं, २६६ रुपये ५० पैशाला. त्यात नत्र जवळपास २१ किलो. चांगल्या कुजलेल्या कंपोस्टमध्ये नत्र शेकडा एक धर, म्हणजे त्या एका पोत्याच्या बरोबरीला २ टनांच्या वर खत लागलं, आणि तेही पहिल्याच वर्षी सगळं झाडाला मिळत नाही, हळूहळू सुटतं. मोठ्या संत्र्याच्या झाडाला ४०-५० किलो शेणखत द्यायचं म्हणतात. ३०० झाडांना १५ टन झाले. बाबांकडे जनावरं किती? दोन गाई आणि एक बैलजोडी, तीही दादा विकायच्या विचारात. मग ते १५ टन येणार कुठून?

इथे पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, म्हणजे आपले नाडेपकाका, कामाला येतात. त्यांनी काढलेल्या खताच्या टाक्याचं नावच त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून पडलंय. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, भिंतीला भोकं सोडून विटांचं बांधकाम. त्यात १४०० ते १५०० किलो काडीकचरा, साधारण पावणेदोन टन चाळलेली कोरडी माती, आणि शेण फक्त ९०-१०० किलो. शेण इथे विरजणापुरतं. थरावर थर, पाणी शिंपडत, एक-दोन दिवसांत भरून वरून शेणामातीने लिंपून टाकायचं. पंधरा-वीस दिवसांत ते खाली बसतं, मग पुन्हा भरून पुन्हा लिंपायचं. भेगा पडल्या की बुजवायच्या, ओल टिकवायची. तीन-चार महिन्यांत एका टाक्यातून ३ टनांच्या आसपास खत निघतं. दोन टाकी बांधली आणि वर्षातून अडीच-तीन वेळा भरली तर बाबांचे १५ टन जुळतात. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाळतात ना, त्याच तुकडे करून यात घालायच्या. तुकडे मात्र करायलाच हवेत. अख्खी पऱ्हाटी वर्षभरातही कुजत नाही, हेही मी करून पाहिलंय.

खत झालं की नाही हे कसं ओळखायचं ते आता मला डोळे मिटून सांगता येतं. आत कोपरापर्यंत हात घालायचा. गार लागलं पाहिजे. मूठ उघडली की भुगा सुटला पाहिजे, आणि वास पहिल्या पावसाच्या मातीचा. शेणाचा वास आला की परत झाकायचं.

जीवामृताचं तू विचारलंस. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, धुऱ्यावरची मूठभर माती. बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी ते घरोघरी नेलं, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. आमच्या क्षेत्रात त्यावरून दोन तट आहेत आणि दोन्हीकडचे लोक लग्नाच्या पंगतीतसुद्धा भांडतात. मला विचारशील तर जीवामृत विरजण आहे. दूधच नसेल तर विरजण कशाला लावणार? जमिनीत काडीकचरा असेल तर त्याचा उपयोग, उघड्या बोडक्या जमिनीवर ओतून काही होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की खताच्या आधी फवारे कमी करायचे. खत कमी करायला जमिनीला दोन-तीन वर्षं लागतात. फवारे मात्र याच हंगामात निम्मे होऊ शकतात, कारण बरेच फवारे अळीवर नसतातच, ते भीतीवर असतात. शेजाऱ्याने पंप काढला की आपणही काढायचा.

भीतीवर उपाय मोजणी. भिवापूरकडे आमच्या गटात एक मावशी आहेत, दोन एकर कपाशी, नवरा नाही, शाळेत गेल्या नाहीत. वावरात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे, लावले आणि मी वही दिली. पुढच्या खेपेला वही कोरी. माझा चेहरा पाहून त्या आत गेल्या आणि कोनाड्यातून तीन वाट्या घेऊन आल्या. प्रत्येक वाटीत चिंचोके. सकाळी सापळ्यातले गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायचे, एका पतंगाला एक चिंचोका, एका दिवसाची एक वाटी. मी त्यांना सांगितलं होतं की एका सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर पुढचं पाऊल. त्यांनी वाट्या माझ्यासमोर ओतल्या. पाच. सहा. चार. म्हणाल्या, "आठ नाई झाले. मी कायले फवारू?" बाजूच्या वावरात तेव्हा दुसरा फवारा चालू होता.

पुढे आठ झालेही. तेव्हा त्यांनी डोमकळ्या वेचल्या, म्हणजे गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिलेल्या त्या फुलांमध्येच अळी असते, त्या तोडून खड्ड्यात पुरायच्या. ट्रायकोकार्डं, म्हणजे अळीच्या अंड्यांवर जगणाऱ्या मित्रकीटकांची कार्डं, लावली. ती लावताना मी तिथे होते, आणि ते महत्त्वाचं. आधी कोणीतरी ती भर दुपारी वरच्या पानांवर टाचली होती, नागपूरच्या उन्हात त्यातले परोपजीवी कीटक बाहेर येण्याआधीच भाजले, उरलेली अंडी मुंग्यांनी नेली. संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला, सावलीत लावायची. आणि आगेमागे काही दिवस जहाल औषध अजिबात नाही, नाहीतर मित्रांनाच मारलं.

निंबोळी अर्काचंही असंच. "अर्काने काही होत नाही" म्हणणाऱ्या दहापैकी आठ जणांनी मागच्या वर्षीची, ओलीत बुरशी लागलेली निंबोळी वापरलेली असते आणि दुपारी बाराला फवारलेलं असतं. उन्हात त्यातलं द्रव्य नासूनच जातं. सध्या इथे प्रत्येक रस्त्यावर निंबोळ्यांचा सडा पडलाय, पायाखाली चुरडून चाललाय. तू येशील तेव्हा ५ किलो घरून नेऊ. सावलीत वाळवलेल्या निंबोळ्या कुटायच्या, रात्रभर भिजवायच्या, सकाळी जुन्या लुगड्यातून पिळायच्या, साबणाचा २०० ग्रॅम चुरा कालवून १०० लिटर करायचं आणि त्याच संध्याकाळी संपवायचं. हाताला दोन दिवस कडू वास राहतो, भाकरी खाताना कळतं.

आता संत्रा. तुझ्या आईने कोरोनात काढ्यासाठी धुऱ्यावर गुळवेल चढवली होती ना? ती काढ. हसू नकोस. आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याअखेरीस फुलणाऱ्या बहाराच्या, फळांना रात्री भोक पाडून रस शोषणारा जो पतंग आहे, त्याच्या अळ्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढतात. फळं गळतात आणि बाबा फळांवर फवारतात. अळी बसलीय धुऱ्यावर, फवारा चाललाय झाडावर. वेल काढायची, गळलेली फळं रोज उचलून पुरायची, संध्याकाळी सात ते दहा बागेत ओल्या कचऱ्याचा धूर करायचा. पानांवर कोळशी, म्हणजे काळी बुरशी, चढलीय म्हणालीस, ती काळ्या माशीमुळे. नवी पालवी आली की निंबोळी तेल, पानाच्या खालून. डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळतो त्या रोगासाठी, बोर्डो मलम लावत राहा, १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी, खोडाला गुडघ्याच्या वरपर्यंत. चुना-मोरचूद पाहून "हे रसायनच की" असं म्हणून भांडू नकोस. बुंध्याला पाणी लागू न देता दुहेरी आळं केलं तर निम्मा डिंक्या तिथेच थांबतो.

तणनाशकाला माझ्याकडे उत्तर नाही, हेही लिहून टाकते. निंदायला बाया मिळत नाहीत, डवऱ्याने कोळपायला बैल राहिले नाहीत. दादा चिडतो तो याच्यावर, आणि त्याचं चुकत नाही. बैलजोडी विकू नका एवढंच मी म्हणू शकते. आणि भाव? पहिली तीन वर्षं बाग रूपांतरातच धरतात, सेंद्रिय म्हणून जास्तीचा भाव त्या काळात विसरायचा.

तर माझी अट अशी. विहिरीकडच्या ६० झाडांवर सुरुवात. बाकी २४० बाबांच्या पद्धतीने, तिथे मी तोंड उघडणार नाही. कपाशीत सापळे, आणि मोजणी वहिनीकडे, दादाकडे नको, तो आकडे वाढवून सांगेल. पोळ्याच्या अमावस्येच्या आसपास पतंग अंडी घालतात असं कास्तकार सांगतात, तेव्हा मी दोन दिवस तुमच्याकडे मुक्कामाला येईन. तान्ह्या पोळ्याची मारबतीची मिरवणूक या वर्षी बुडेल माझी, पण चालेल. बाकीच्या दिवसांत दर मंगळवारी.

बाबांशी तू बोल, पण "तुम्ही विष पेरताय" हे वाक्य पुन्हा नको. दादाने मला सांगितलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत.

वहिनीला चिंचोके साठवायला सांग. तुझ्याकडच्या जुन्या ओढण्यांतली एखादी पातळ सुती आण, लुगड्यापेक्षा अर्क बरा गाळला जातो.

तुझी,
मंजू