केंद्र बांधून भागत नाही, ताई

टांझानिया

प्रिय ताई,

एवढी सरकारी आरोग्य केंद्रं बांधली, तरी बाळंतपणात बायका मरतात कशा, हे तू विचारलंस आणि नेमका फोन कटला. म्हणून लिहायला बसले.

केंद्रं आहेत गं, बायकाही येतात. पण आत कोण आहे आणि त्याच्या हाताशी काय आहे, त्यावर सगळं ठरतं. 2023 मध्ये गरोदरपणात नि बाळंतपणात जगभर सुमारे 2,60,000 बायका दगावल्या. रक्तस्राव हे त्यातलं मोठं कारण. रक्त भळाभळा वाहिलं तर कुणीही धावतं. घात करतो तो हळूहळू झिरपणारा. चादरीत मुरतो, नर्स नजरेच्या अंदाजानं 'ठीक आहे' म्हणते आणि वेळ निघून जाते.

आता बाळ झालं की लगेच बाळंतिणीखाली एक प्लास्टिक सरकवतात. त्याला नरसाळ्यासारखी पिशवी, तिच्यावर 300 आणि 500 मिलिलिटरच्या रेघा. रक्त 500 वर गेलं की वाट बघायची नाही. गर्भपिशवी चोळायची, ऑक्सिटोसिन (गर्भपिशवी आकसवणारं इंजेक्शन), ट्रॅनेक्झामिक ॲसिड (रक्तस्राव आवरणारं औषध), सलाईन सुरू करायचं, वार अडकली का, कुठे फाटलंय का ते बघायचं. सगळं एकदम! पूर्वी एक उपाय करून बघायचा, नाही जमलं तर दुसरा. इथे, केनिया, नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिकेत दोन लाखांवर बाळंतपणांत ही पद्धत तपासली. 2023 चा निकाल: जिवावर बेतणारा रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून 60 टक्क्यांनी कमी.

सिझरचं मात्र अवघड. खेड्यात डॉक्टर टिकत नाही. शेजारच्या मोझांबिकनं 1984 पासून डॉक्टर नसलेल्या कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रिया शिकवली. सात वर्षांनी पाहिलं, तर जिल्हा रुग्णालयांत नेमलेले त्यांच्यातले 88 टक्के तिथेच होते, डॉक्टर एकही नाही. काही डॉक्टर अजून नाकं मुरडतात. मुरडू देत.

माझी खरी चिडचिड फ्रीजवर आहे. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं आणि वीज तर सारखी जाते. गरम झालेल्या इंजेक्शनवर मुदत शिल्लक दिसते, आत जोर उरलेला नसतो. उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन आता आहे, पण ते रक्तस्राव होऊ नये म्हणून द्यायचं. सुरू झाला की पुन्हा ऑक्सिटोसिनच शोधा. प्रशिक्षणाला पैसे देणारे भेटतात, फ्रीजच्या बॅटरीला कुणी देत नाही.

पुढच्या आठवड्यात आडगावी प्रशिक्षणाला चाललेय, फोन लागला नाही तर घाबरू नका. आईबाबांना नमस्कार.

तुझी,
धाकटी