काका, तुम्ही दिवा तिरका केलात त्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलो तर "अरे, त्यात काय एवढं!" म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे उघड पत्र. आता चार लोकांदेखत ऐकून घ्या.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या ज्या छोट्याशा गावात आम्ही स्थिरावलो, त्या गावाच्या नावाची एक नोट आपल्याकडे असावी, एवढीच माझी हौस. १८६३ पासून १९३५ पर्यंत इथल्या गावोगावच्या नॅशनल बँकांच्या नोटा निघत. छापून घ्यायचं सरकार, नाव मात्र गावच्या बँकेचं, आणि सही तिथल्या कॅशियरची. १९०२ च्या मालिकेतली दहा डॉलरची मिळाली. "कोणी हातसुद्धा लावलेला नाही," असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं. नंतर नोटेवरच्या सहीबद्दल विचारलं तर साहेबांना वेळ नव्हता. दुसऱ्या एकाने पाकिटातून न काढताच भाव पाडून मागितली.

तुम्ही किंमत विचारलीच नाहीत. खोलीतले दिवे मालवलेत, टेबलावरचा दिवा तिरका केलात, भिंग माझ्या हातात दिलंत आणि गप्प बसलात. बऱ्याच वेळाने मला दिसलं. कॅशियरच्या सहीची मूळ शाई तपकिरी, विरलेली. तिच्यावरून कोणीतरी काळ्याभोर शाईने गिरवलेलं, आणि शेवटच्या अक्षराचं वळण चक्क चुकलेलं. नोट खरी, सहीवर मात्र रंगसफेदी! तुम्हाला ते पहिल्या नजरेतच कळलं असणार. तरी 'फसलास' हा शब्द तुमच्या तोंडून आला नाही. जाणकार खूप भेटतात हो, पण समोरच्याला ओशाळं न करता शिकवणारे कुठे भेटतात?

मग तुमच्या अल्बममधून आमच्याच गावची नोट निघाली. खालची कड वेडीवाकडी. बँकेत नोटांचा अख्खा ताव यायचा आणि सह्या झाल्यावर तो कात्रीने कापायचे, हे सांगताना तुम्ही असे खुललात, की तो कॅशियर तुमच्या वाड्यातलाच असावा. पाकिटावर पेन्सिलने तुमचा जुना खरेदीभाव लिहिलेला होता. तेवढेच पैसे घेतलेत. आतून काकू म्हणाल्या, "आणि वर चहा पाजा!"

काकूंना सांगा, पुढच्या खेपेला चहा मी करीन. आणि तुमच्याकडचा तो १८८२ चा ब्राउन बॅक, म्हणजे तपकिरी पाठीची नोट, कधी विकायला काढायचा झाला, तर पहिला फोन मला.

आपला,
आयोवाकर