साधनांची ओळख करून देताना बाहेर पडण्याची वाटही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवे ॲप कुठून घ्यायचे, खाते कसे उघडायचे, कोणते बटण कशासाठी, हे सांगणारे लेख आणि व्हिडिओ आज हवे तेवढे मिळतात. त्या ॲपमध्ये केलेले काम बाहेर कसे काढायचे, हे मात्र त्यात क्वचितच असते. जन्मभर शिकत राहायचे ठरवलेल्या माणसाला हीच माहिती सर्वांत आधी हवी, कारण त्याला साधने बदलत राहावी लागणार आहेत. साधन गेले तर दुसरे मिळते. त्यात अडकलेली रेकॉर्डिंगे, टिपणे आणि चित्रे परत मिळत नाहीत.

ही भीती काल्पनिक नाही. वेबवरचे खेळ आणि ॲनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅशचा आधार ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने त्यातल्या फाइल चालवणेच थांबवले. व्हिडिओ कापण्याजोडण्याचे विंडोज मूव्ही मेकर जानेवारी २०१७ मध्ये बंद झाले. समाजमाध्यमांवरच्या नोंदी गुंफून वृत्तांत रचण्याचे स्टोरिफाय १६ मे २०१८ रोजी संपले. विद्यार्थ्यांकडून छोटे व्हिडिओ मागवण्यासाठी शिक्षक वापरत असलेल्या फ्लिपचे स्वतंत्र संकेतस्थळ आणि ॲप १ जुलै २०२४ रोजी मिटले. वाचनासाठी दुवे साठवण्याचे पॉकेट ८ जुलै २०२५ ला गेले. गूगलचा जॅमबोर्ड हा फळा १ ऑक्टोबर २०२४ पासून फक्त पाहण्यापुरता उरला आणि ३१ डिसेंबर २०२४ ला पूर्ण बंद झाला. जॅमबोर्डवरचे काम पीडीएफ म्हणून उतरवून घेता येत होते, पण पीडीएफमध्ये फळ्याचे नुसते चित्र उरते, त्यावरच्या चिठ्ठ्या पुन्हा हलवता येत नाहीत. म्हणून ‘एक्स्पोर्टची सोय आहे’ एवढ्या वाक्यावर समाधान मानू नये. बाहेर आलेली फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडते का आणि तिच्यात बदल करता येतो का, हे विचारावे.

त्यासाठी नवे साधन हाती घेतले की पहिला अर्धा तास एवढ्याच परीक्षेला द्यावा. एका मिनिटाचे खोटे काम करावे: चार वाक्ये, एक फोटो, थोडा आवाज. ते एक्स्पोर्ट करावे, खात्यातून बाहेर पडावे आणि ती फाइल दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर उघडून पाहावी. फुकट खात्यात चित्रावर कंपनीचा शिक्का उमटतो का, व्हिडिओची लांबी मर्यादित आहे का, एक्स्पोर्टच्या बटणावर पैसे मागतात का, हे सगळे याच अर्ध्या तासात कळते. तीन आठवडे खपून तयार केलेल्या कामाच्या शेवटी ते कळले, तर शिकणारा माणूस साधनावर नव्हे, स्वतःवर नाराज होतो आणि शिकणेच सोडतो. हे फार वाईट आहे आणि सहज टाळता येण्यासारखे आहे.

आवाजाचे उदाहरण जरा तपशिलात घेऊ. ऑडॅसिटी हा मोफत आणि मुक्त प्रोग्रॅम २००० सालापासून आहे आणि नवशिक्यांना आम्ही तोच सुचवतो. त्यात ‘सेव्ह प्रोजेक्ट’ केल्यावर जी फाइल तयार होते ती आवाजाची फाइल नसते. ती फक्त ऑडॅसिटीला कळते, फोनवर वाजत नाही. ३.० आवृत्तीपूर्वी तर प्रोजेक्टची एक छोटी फाइल आणि आवाजाचे तुकडे ठेवणारा वेगळा फोल्डर अशी जोडी असायची. लोक नुसती छोटी फाइल पाठवत आणि समोरच्याकडे काहीच ऐकू येत नसे. आता एकच फाइल तयार होते, तरी इतरांना द्यायचे असेल तर ‘एक्स्पोर्ट’ करावेच लागते. मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅक या आवाजाचा कस न घटवणाऱ्या प्रकारांत ठेवावी आणि एमपी३ अगदी शेवटी, पाठवण्यापुरती काढावी. एमपी३ उघडून, कापून पुन्हा एमपी३ म्हणून जतन केली की दर वेळी आवाजाचा थोडा कस जातो. आकारही लक्षात घ्यावा. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, मोनो (आवाजाची एकच वाहिनी) अशा वेव्ह फाइलला मिनिटाला सुमारे ५.३ एमबी लागतात, तर ६४ केबीपीएसच्या मोनो एमपी३ला जेमतेम अर्धा एमबी. एका माणसाच्या बोलण्यासाठी स्टिरिओची गरज नसते.

रेकॉर्ड करताना आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान नाचली पाहिजे. ती शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नीट पूर्ववत होत नाही. हळू झालेला वाढवता तरी येतो. सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करावी, कारण पंख्याची घरघर काढताना तोच तुकडा नमुना म्हणून द्यावा लागतो. ‘नॉइज रिडक्शन’मध्ये १२ डेसिबलच्या आसपास थांबावे. लोभाने आकडा वाढवला की बोलणारा पाण्याखालून बोलतोय असे वाटू लागते. तेवढ्यासाठी थोडी घरघर राहिलेली परवडते.

स्क्रीन रेकॉर्ड करण्यासाठी ओबीएस स्टुडिओ चांगला. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना सर्वांत शेवटी लिहिली जाते. त्यामुळे मध्येच वीज गेली किंवा संगणक अडकला तर पूर्ण फाइल उघडेनाशी होते. एमकेव्ही प्रकारात तोपर्यंतचे रेकॉर्डिंग शाबूत राहते. म्हणून एमकेव्हीत रेकॉर्ड करून मग फाइल मेनूतल्या ‘रीमक्स’ने एमपी४ करावे. काही सेकंदांचे काम असते आणि दर्जा घटत नाही. ओबीएसच्या नव्या आवृत्त्यांत ‘हायब्रिड एमपी४’ हा पर्याय याच अडचणीसाठी आला आहे.

मराठीत काम करणाऱ्यांची खरी कसोटी अक्षरांपाशी लागते आणि परदेशी मार्गदर्शनात त्याबद्दल एक अक्षर नसते. कोणत्याही व्हिडिओ किंवा पोस्टरच्या साधनात आधी हे वाक्य टाकून पाहावे: ‘विद्यार्थ्यांनी दऱ्यांतल्या पक्ष्यांची चित्रे काढली.’ यात पहिली वेलांटी, रफार, ‘ऱ्या’तला अर्धा र, ‘क्ष’ आणि ‘त्र’ असे सगळे अवघड प्रकार आहेत. वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षर फुटून पायमोडके अक्षर दिसले, तर त्या साधनाला देवनागरीची जुळणी येत नाही. फॉन्ट बदलून हा दोष जात नाही, कारण तो साधनाच्या मजकूर मांडणाऱ्या भागात असतो. ॲडोबीच्या प्रीमिअर या व्हिडिओ संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हे टेक्स्ट इंजिन निवडले की अक्षरे नीट जुळतात. जिथे असा पर्यायच नाही, तिथे शीर्षक इंकस्केप किंवा लिबरऑफिसमध्ये तयार करून पीएनजी चित्र म्हणून व्हिडिओवर ठेवावे. अर्थात हे सगळे युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतातल्या, मजकुराबद्दल झाले. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला मजकूर असेल तर तो आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा, नाहीतर चिकटवल्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते.

उपशीर्षके व्हिडिओत कोरण्यापेक्षा वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये द्यावीत. ती दुरुस्त करता येतात, शोधता येतात, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांना अक्षरे मोठी करून घेता येतात. फाइल साध्या मजकुराची असते: अनुक्रमांक, त्याखाली सुरुवातीची आणि शेवटची वेळ, त्याखाली मजकूर, मग एक रिकामी ओळ. वेळ लिहिताना तास, मिनिटे, सेकंद यांच्यामध्ये एकाखाली एक दोन टिंबे (:) आणि मिलिसेकंदांपूर्वी स्वल्पविराम. वेबव्हीटीटी या भावंडात स्वल्पविरामाऐवजी एक टिंब लागते. हे दोन्हींत उलटसुलट झाले तर फाइल नाकारली जाऊ शकते. वेळेचे आकडे इंग्रजीच हवेत. मराठी कळफलकावरून देवनागरी आकडे गेले तर उपशीर्षके दिसतच नाहीत आणि चूक कुठे आहे हे डोळ्यांना पटकन जाणवत नाही. फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रकारात जतन करावी. जुन्या नोटपॅडमध्ये ‘एएनएसआय’ हा पर्याय राहून गेला की सगळा मजकूर प्रश्नचिन्हांत बदलतो. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर नको. ओळ लांब झाल्याचा साधनाचा इशारा मात्र मराठीत जसाच्या तसा मानू नये. ‘विद्यार्थी’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात, संगणक दहा मोजतो. मोठ्याने वाचून पाहावे, तेच माप खरे.

बोललेल्याचा मजकूर आपोआप करून देणारी साधनेही आता आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये खुले झालेले व्हिस्पर मराठी ओळखते आणि आवाज कुठेही न पाठवता आपल्याच संगणकावर चालवता येते. पण शांततेच्या जागी ते कधीकधी न बोललेली वाक्ये लिहून टाकते, आणि नावे व आकडे चुकवते. तयार मजकूर आवाज ऐकत तपासल्याशिवाय कुणाला देऊ नये.

आता वाटण्याविषयी. नुसता दुवा पुढे ढकलणे म्हणजे शिकलेले वाटणे नव्हे. सोबत चार गोष्टी लिहाव्यात: साधनाची आवृत्ती, वापरलेली सेटिंग, कुठे अडले आणि का, आणि हे कोणत्या तारखेला तपासले. मेनू सतत बदलतात, त्यामुळे तारीख नसलेली कृती नवशिक्याला भलतीकडे नेते. ऑनलाइन साठवणीतल्या (क्लाउड) फाइलचा दुवा देताना ‘दुवा असलेल्यांना बदल करता येतील’ ही परवानगी चुकून राहिली नाही ना, ते पाहावे आणि मग ब्राउझरच्या खासगी खिडकीत तो दुवा उघडावा. तिथे जे दिसते तेच इतरांना दिसणार. व्हॉट्सॲपवर फोटो किंवा व्हिडिओ नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान केला जातो. मूळ दर्जा हवा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. तसे केल्यावर फोटो काढल्याचे ठिकाणही फाइलमध्ये तसेच जाते. घरचा किंवा मुलांचा फोटो असेल तर ते आधी पुसावे.

दुसऱ्याचे चित्र किंवा संगीत वापरले तर शीर्षक, कर्ता, मूळ दुवा आणि परवाना या चारही गोष्टी द्याव्यात. ‘गूगलवरून साभार’ हा श्रेयनिर्देश नाही. स्वतःचे काम इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सहा परवान्यांपैकी एक लावता येतो, पण एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, हे आधी समजून घ्यावे. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रे आणि ध्वनिफितींच्या संग्रहावर चढवायचे असेल तर ‘अव्यावसायिक वापरापुरता’ किंवा ‘बदल करू नये’ असे परवाने तिथे चालत नाहीत. व्हिडिओही एमपी४ नव्हे, वेबएम किंवा ऑगसारख्या फॉरमॅटमध्ये लागतो.

आपल्या वर्तमानपत्राला आमची एक विनंती आहे. नव्या साधनाची ओळख छापताना शेवटी छोटी चौकट द्यावी: काम कोणत्या फॉरमॅटमध्ये बाहेर येते, फुकट खात्याची मर्यादा काय, वर दिलेले मराठी वाक्य त्यात नीट उमटते का, आणि ही तपासणी कोणत्या तारखेची. जागा चार ओळींची लागेल. आणि वर्षभराने त्याच साधनाकडे पुन्हा एकदा पाहून चौकट सुधारली, तर कात्रणे जपून ठेवणाऱ्या वाचकांना ती खरोखर वापरता येतील.

कळावे,
ही साधने शिकणारे आणि शिकवणारे काही वाचक