लॅप टायमर घेताना नुसता हर्ट्झचा आकडा बघू नका

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या वाहन पुरवणीत ट्रॅकवर बाईक चालवणाऱ्यांसाठी जीपीएस लॅप टायमर, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला (लॅपला) किती वेळ लागला ते मोजणारा डबा, कसा निवडावा यावर लेख आला होता. विषय घेतलात ते बरं केलंत, पण सगळा जोर हर्ट्झवर, म्हणजे टायमर सेकंदाला किती वेळा जागा नोंदवतो त्यावर, २५ वाला भारी आणि १० वाला आता जुना झाला असा एकंदर सूर, ते काही पटलं नाही म्हणून लिहितोय.

हिशोब करून बघा. ताशी १८० ला बाईक सेकंदाला ५० मीटर जाते. फोनमधला जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच जागा सांगतो, म्हणजे दोन बिंदूंत ५० मीटरचं अंतर, तेव्हा नुसत्या फोनवर दशांश सेकंदाच्या गप्पा मारू नयेत. १० हर्ट्झला हेच अंतर ५ मीटर होतं, २५ ला २ मीटर. पण टायमर काय करतो, लॅप जिथे सुरू होतो आणि संपतो त्या रेषेच्या अलीकडचा आणि पलीकडचा बिंदू घेतो आणि मधली वेळ गणिताने काढतो, आणि सरळ पट्ट्यावर स्पीड एकदम उड्या मारत नाही त्यामुळे ते गणित छान जमतं. नुसता लॅप टाइम हवा असेल तर १० हर्ट्झ भरपूर झालं. २५ चा खरा उपयोग कॉर्नरमध्ये, ब्रेक नक्की कुठे सोडला, सगळ्यात कमी स्पीड कुठे झाला, ते ग्राफवर नीट दिसतं. आता ग्राफ उघडून बघणारे आपल्यात किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

त्यापेक्षा जास्त फरक पडतो तो रेषा कुठे टाकता त्याने, आणि यावर लेखात एक ओळ नाही. जागेत १ मीटरची चूक झाली तर ५० मीटर प्रति सेकंदाला ती ०.०२ सेकंद, आणि तीच रेषा ताशी ६० च्या हेअरपिनवर, म्हणजे एकदम उलटं फिरवणाऱ्या वळणावर असेल तर ०.०६. म्हणून रेषा स्वतः टाकायची असेल तर जिथे बाईक सरळ आणि जोरात जाते तिथेच टाकायची.

दुसरं म्हणजे अँटेना. कारवाल्यांचं बरं असतं, डॅशबोर्डवर ठेवलं की वर आकाश मोकळं. बाईकवर तुम्ही सरळ पट्ट्यावर टाकीवर आडवे झालात की छाती आणि हेल्मेट बरोबर टायमरच्या वर येतात. कार्बन फायबर आणि धातूही सिग्नल अडवतात, साध्या प्लास्टिकचं तेवढं काही नाही. त्यामुळे ज्याला बाहेरची अँटेना किंवा वेगळा रिसीव्हर लावून शेपटीवर बसवता येतो तो टायमर माझ्या मते जास्त हर्ट्झवाल्यापेक्षा चांगला. रेसबॉक्स मिनीसारखा २५ हर्ट्झचा छोटा डबा सीटच्या मागे आणि फोन खिशात ही पद्धत त्यासाठीच आवडते मला, ॲप म्हणून रेसक्रोनो वगैरे आहेतच. फोन हँडलवर नकोच, मोठ्या इंजिनाच्या व्हायब्रेशनने कॅमेऱ्याचं वाटोळं होऊ शकतं असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय.

मग स्क्रीनचं काय? लेखात मोठ्या रंगीत स्क्रीनचं कौतुक होतं. अहो, १८० ला एक सेकंद खाली बघितलं की ५० मीटर न बघता गेले! मागच्या बेस्ट लॅपच्या किती पुढे-मागे आहात ते दाखवणारा डेल्टा चालू असला की डोळा तिकडे जातोच, आणि मग ब्रेकिंग पॉइंट हुकतो. हिरवा-लाल दिवा असला तर ठीक, कडेने दिसतो तो. बाकी सगळं पिटमध्ये आल्यावर बघायचं.

लीन अँगलच्या, म्हणजे वळणात बाईक किती झुकली त्याच्या आकड्यावरून मित्रांशी पैज लावू नका एवढं मात्र सांगतो. निव्वळ जीपीएसवरून काढलेला अँगल स्पीड आणि वळणाच्या त्रिज्येवरून येतो, टायर रुंद असल्याने खरी बाईक त्याहून थोडी जास्त झुकलेली असते, आणि तुम्ही बाहेर लटकलात की परत वेगळं.

बाकी किरकोळ गोष्टी. सेशनच्या आधी मोकळ्यावर चालू करून सॅटेलाइट पकडू द्या, लाइनीत उभं राहून नाही. डब्याला एक दोरी बांधा, चिकटपट्टी उन्हात सुटते आणि सुटलेला डबा मागच्याच्या टायरखाली जातो. आणि काही आयोजक ट्रॅक डेला, म्हणजे आपापली बाईक ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, टायमिंग चालू देत नाहीत, तेव्हा विकत घ्यायच्या आधी तुम्ही जिथे जाता तिथले नियम विचारून घ्या.

आपला,
एक वाचक आणि ट्रॅक रायडर