काकांच्या हिशेबातली पाऊण तासाची ओळ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काका गेले त्या दिवशी माणसांच्या गर्दीत तुझ्याशी नीट बोलता आले नाही. जो तो त्यांच्या फौजेतल्या दिवसांबद्दल आणि शिस्तीबद्दल बोलत होता. ते सारे खरेच होते, पण घरच्यांसाठी ते ती शिस्त किती मायेने वाकवत, हे कोणीच बोलले नाही, म्हणून हे पत्र.

डोंगरावर निघायच्या आदल्या रात्री नकाशा पसरून ते वहीत वेळेचा हिशेब मांडत, हे तुला आठवत असेलच. ताशी ५ किलोमीटर चाल आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास, हा विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला ठोकताळा ते धरत. बेरजेखाली मात्र त्यांच्या उभट अक्षरात आणखी दोन ओळी असत: ‘मुले – अर्धा तास’ आणि ‘हिचा गुडघा – पाऊण तास’. घड्याळाच्या काट्यावर कूच करण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांनी काकूंच्या गुडघ्याला हिशेबात हक्काची जागा दिली होती, आणि काकूंना ते कधी जाणवूही दिले नाही.

माझ्या टाचेला फोड आला तो दिवस मी विसरू शकत नाही. मी दुखणे लपवत होतो, पण पावलांच्या आवाजावरूनच त्यांनी ते ओळखले. मला दगडावर बसवून त्यांनी बूट काढला, टाच कोरडी केली आणि चिकटपट्टी लावून तिच्या कडा अंगठ्याने कितीतरी वेळ दाबत राहिले, कारण कड सुटली की पट्टीच कातडीला घासू लागते. मग म्हणाले, “आता तू सगळ्यांच्या पुढे चाल.” मला ती शिक्षा वाटली. पुढे कधीतरी त्यांनीच समजावले, की थकलेला माणूस मागे राहिला तर तो येऊन पोहोचेपर्यंत बाकीच्यांची विश्रांती झालेली असते आणि तो टेकतो न टेकतो तोच सगळे उठतात. म्हणजे ज्याला विसावा हवा, त्यालाच तो मिळत नाही. त्या दिवशी सारी मंडळी माझ्या चालीने चालली आणि काका सर्वांत शेवटी राहिले.

रात्री तंबूबाहेर सप्तर्षींतल्या पुलह आणि क्रतूमधले अंतर पाचपट पुढे नेऊन ध्रुवतारा शोधायलाही आपण त्यांच्याकडूनच शिकलो.

अखेरच्या दिवसांत ते अंगणात चार पावले टाकत, तेव्हा तू त्यांच्या पुढे न जाता एक पाऊल मागे राहत होतास. ते मी फाटकातून पाहिले आणि आत न येता तसाच थांबलो.

ती वही जपून ठेव. पुढच्या महिन्यात आपण त्यांच्या आवडत्या वाटेने जाऊ. काकूंनाही विचार, वेळेचा हिशेब मी मांडला आहे आणि पाऊण तास त्यात धरला आहे.

तुझाच,
जिवलग मित्र