खारदुंगलावरील त्या दोघांचे मनःपूर्वक आभार

लडाखमधील खारदुंग गावाहून निघून खारदुंगला खिंडीवरून लेहला उतरणाऱ्या 72 किलोमीटरच्या शर्यतीत मी फोंड्याहून जाऊन भाग घेतला होता. चोर्ला घाटातला सराव पायांना पुरला. परंतु खिंडीची उंची 5,300 मीटरांहून अधिक असून तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच असतो, हे छातीला नंतर कळले.

खिंड ओलांडताच मला ओकारी झाली, डोके ठणकू लागले आणि सरळ चालता येईना. तरीही, मूर्खपणाच म्हणायचा, पुढे पळण्याचा हट्ट सुटत नव्हता. मागून आलेल्या एका धावपटू ताईंनी स्वतःची शर्यत थांबवून मला दगडाच्या आडोशाला बसवले, त्यांचीही बोटे बधिर झाल्यामुळे माझे भिजलेले हातमोजे दातांनी ओढून काढले आणि आपले लोकरीचे हातमोजे मला चढवले. मदत येईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

गाडी घेऊन आलेल्या एका लडाखी स्वयंसेवकांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा मला न दाखवता खाली उतरणे हाच यावरचा उपाय असल्याचे शांतपणे सांगितले आणि मला लेहपर्यंत आणले. वाटेत ओकारीसाठी तीनदा गाडी थांबवावी लागली, तरी त्यांच्या कपाळावर आठी उमटली नाही.

दोघांचीही नावे विचारण्याचे भान मला राहिले नाही, याची खंत वाटते. ताई, आपले करड्या रंगाचे हातमोजे फोंड्याच्या दमट हवेत जपून ठेवले आहेत. पत्ता कळवल्यास धुऊन पाठवीन.