नादाच्या माणसांत जा, मनू

कोथरूड, पुणे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, इथे सगळे चांगले आहेत गं, पण कामाखेरीज कुणाशी बोलणंच होत नाही. शनिवार-रविवार खोलीतच जातो." रविवारी तिथे दुकानंही बंद, त्यामुळे सहज बाजारात चक्कर मारावी तर तेही नाही. मग तू जुन्या लॅपटॉपवर लिनक्सची एखादी नवी डिस्ट्रो, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या त्या खुल्या प्रणालीचा कुणीतरी बांधून दिलेला संच, घालत बसतेस, आणि आता तेही तुला पोरखेळ वाटायला लागलंय. फोनवर मी विषय वाढवला नाही, कारण हे मला सवडीने आणि नीट सांगायचं होतं.

तो पोरखेळ मुळीच नाही. त्याच नादापायी मला पुण्यात बसून चार देशांची माणसं मिळाली, आणि तू तर या नादाच्या माहेरी, न्यूरेंबर्गला, जाऊन राहिली आहेस. सुसे, म्हणजे अशाच एका डिस्ट्रोचं घर, १९९२ साली न्यूरेंबर्गलाच सुरू झालं. चौघांनी काढलं, त्यातले तिघं तेव्हा गणिताचे विद्यार्थी होते. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एका सरांच्या जावयाने जर्मनीहून सुसेचं खोकं आणलं होतं. आत सीडींचा गठ्ठा आणि जाडजूड हँडबुक, तेही सगळं जर्मनमध्ये. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण पडद्यांची चित्रं आणि कमांड तर त्याच होत्या! त्या चित्रांवरून यास्ट या सुसेच्या मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये एकेक पायरी पुढे सरकत मी लॅबमधलं एक मशीन उभं केलं. न्यूरेंबर्ग हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते त्या खोक्यावर.

घरच्या मशीनवर फोनच्या लाइनीवरून इंटरनेट लावायचा मोडेम चालेना. तेव्हाचे बहुतेक इंटर्नल मोडेम अर्धं काम स्वतः करायचे आणि उरलेलं विंडोजमधल्या सॉफ्टवेअरवर सोडायचे, म्हणून लिनक्सवर ते मुके. विनमोडेमच म्हणायचे त्यांना. सिरियल पोर्टला जोडायचा एक्स्टर्नल मोडेम हवा होता आणि तो महाग पडायचा. तुझ्या बाबांनी तापकीर गल्ली पालथी घालून एक जुना मिळवला. त्याच्या तोंडाशी छोटे लाल दिवे होते. फोन लावणारा डब्ल्यूव्हीडायल हा प्रोग्रॅम चालवला की आधी खरखर, मग शिट्टी, आणि 'सीडी' (कॅरियर डिटेक्ट) लिहिलेला दिवा न लुकलुकता स्थिर झाला की समजायचं, लागला. त्या दिव्याकडे बघत तू माझ्या मांडीवर झोपायचीस.

अशा लाइनीवर डिस्ट्रो उतरवून घ्यायची सोयच नव्हती. ६५० एमबीची एक सीडी ५६ के मोडेमवर, लाइन एकदाही तुटली नाही तरी, दिवसभराहून जास्त वेळ खाणार. त्यात फोनचं बिल वेगळंच. म्हणून तर मासिकांचं एवढं महत्त्व. 'पीसीक्वेस्ट'बरोबर लिनक्सची सीडी यायची, त्यांनी रेड हॅट या डिस्ट्रोच्या पायावर स्वतःचं 'पीसीक्यू लिनक्स'ही काढलं होतं. फेब्रुवारी २००३ पासून दिल्लीहून 'लिनक्स फॉर यू' निघायला लागलं, त्याचंच २०१२ मध्ये 'ओपन सोर्स फॉर यू' झालं. अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकं घ्यायला गेले की मी वाटेतल्या स्टॉलवर आधी अंक बघायची, आणि घेण्यापूर्वी सीडीचं पाकीट फाटलेलं नाही ना याची खात्री करायची. अंक आणला की बसमध्येच अर्धा वाचून व्हायचा.

परदेशी अंकांतलं 'लिनक्स जर्नल' मला सगळ्यांत भारदस्त वाटायचं. मार्च १९९४ मध्ये त्याचा पहिला अंक निघाला, त्यात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सची मुलाखत होती, आणि कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, १.० आवृत्तीही त्याच महिन्यातली. २०११ मध्ये त्याची छापील आवृत्ती थांबली आणि २०१९ मध्ये डिजिटल अंकही थांबले. पण मला मनापासून आदर वाटतो तो ब्रिटनच्या 'लिनक्स व्हॉइस'चा. 'लिनक्स फॉरमॅट' सोडलेल्या चौघांनी वाचकांकडून पैसे उभे करून २०१४ मध्ये ते काढलं. नफ्यातला निम्मा वाटा मुक्त सॉफ्टवेअरच्या कामाला देऊ, आणि नऊ महिन्यांत प्रत्येक अंकातला मजकूर सगळ्यांना खुला करू, असा त्यांनी शब्द दिला होता. दोन वर्षांत ते दुसऱ्या मासिकात विलीन झालं खरं, पण मासिक चालवायचं तर असं, असं मला आजही वाटतं.

या मासिकांवरूनच माझी ओळख झाली ती एका ऑस्ट्रेलियन गृहस्थांशी. ब्रिटनचे अंक त्यांच्याकडे जहाजाने महिन्यांनी उशिरा पोचायचे. डिस्कवर जी डिस्ट्रो असायची तिची पुढची आवृत्ती तोवर आलेलीसुद्धा असायची. तरी ते अंक घ्यायचे, कारण शहरापासून लांब राहत असल्यामुळे त्यांचं इंटरनेट आपल्यासारखंच संथ. श्रीमंत देशातल्या माणसालाही आपल्यासारखीच सीडीची वाट बघावी लागते, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

मग हेलसिंकीचे एक. आमच्या मेलमध्ये वर कर्नलची चर्चा असायची आणि खाली चार ओळी घरच्या. डिसेंबरात दुपारी तीनच्या सुमारास सूर्य मावळतो, मग माणूस घरात बसून कर्नल कंपाइल करणार नाही तर काय करणार, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांना आपल्या पावसाळ्याचं फार कुतूहल. जुलैत सीडींवर बुरशीचे ठिपके धरतात, म्हणून मी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि ऊन पडलं की त्या वाळवते, असं कळवलं तर त्यांनी दोन मेल केवळ बुरशीवर लिहिल्या.

सगळ्यांत लक्षात राहिलं ते विजेचं. आपल्याकडे गुरुवारी वीज जायची, आणि एरवीही कधी जाईल त्याचा नेम नसायचा. ईएक्सटी-२ फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) असताना मशीन असं मध्येच बंद पडलं की परत सुरू करताना अख्खी डिस्क तपासली जायची. तू शाळेतून येऊन जेवून व्हायचीस तरी ते चालूच. २००१ च्या अखेरीस कर्नलमध्ये ईएक्सटी-३ आली. ती होणारे बदल आधी एका नोंदवहीत टिपून ठेवते, त्यामुळे वीज गेली तरी तेवढी नोंद बघून मशीन काही सेकंदांत उभं राहतं. मी आनंदाने सगळ्यांना कळवलं. जर्मनीतल्या एकाने प्रामाणिकपणे विचारलं, "पण वीज जाते म्हणजे? फ्यूज उडतो का?" त्याला आमचं लोडशेडिंग समजावून सांगताना मला उमगलं, की एकच सोय एका देशात चैन असते आणि दुसऱ्या देशात रोजची गरज. पुढे तो माझ्या प्रत्येक मेलला उत्तर देताना आधी विचारायचा, आज वीज आहे ना?

आणि ब्राझीलची शिक्षिका. तिला पोर्तुगीजमधलं शेपटीवालं सी लिहायचं असायचं. अमेरिकी इंटरनॅशनल कीबोर्डवर तिने स्वरचिन्ह देऊन सी दाबलं की लिनक्स डोक्यावर रेघ असलेलं सी उमटवायचं, कारण पोलिशसारख्या भाषांत तेच अक्षर लागतं. तिचा प्रश्न वाचताना मला माझं दुखणं दिसलं. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये आपलं 'ऱ्य' नीट जुळत नसे. दर्या आणि दऱ्या यांत फरकच राहायचा नाही, नाहीतर र सुटा पडून त्याखाली हलन्त लटकायचा. हिंदीवाल्यांना तो र लागतच नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हतं. तिचं उत्तर लोकेल, म्हणजे मशीनची भाषा आणि देशाची मांडणी, बदलण्यात सापडलं आणि माझं फॉन्टमध्ये. लोहित फॉन्ट पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने घडवले होते, रेड हॅटने ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले केले. खुले होते, म्हणूनच ज्याला चूक दिसली त्याला ती दाखवता आली आणि ज्याला जमलं त्याला दुरुस्त करता आली.

हाच 'ऱ्य' घेऊन मी मॉडेल कॉलनीत सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत पुणे लिनक्स युजर्स ग्रुपच्या बैठकीला गेले. महिन्याचा पहिला शनिवार होता. खोलीत बायका मोजक्याच, बहुतेक मुलं माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची. मी एका कागदावर शब्द लिहून नेले होते, कसे दिसतात आणि कसे दिसायला हवेत. दहा मिनिटांत कागदाभोवती डोकी जमली. मी कोण, कुठली, नवरा काय करतो, हे कुणी विचारलं नाही. "कुठली डिस्ट्रो?" एवढंच. इतक्या चटकन मला आजवर कुठेच सामावून घेतलेलं नाही.

म्हणून तुला सांगते, मनू. मराठी मंडळात जा, गणपतीला तर जाच, आरती आणि मोदक तिथेच मिळतील. पण तिथे आपण सगळे एकाच गावाहून आलेलो असतो आणि बोलणं फिरून व्हिसा, घरभाडं आणि नोकरीवर येतं. त्या देशाचा माणूस भेटायचा असेल तर त्याच्या नादाच्या दाराने आत जावं. तुझ्या गावात झेड-बाऊ म्हणून जागा आहे, तिथे गेली अनेक वर्षं ओपनसुसेचं, म्हणजे सुसेच्या खुल्या डिस्ट्रोचं, संमेलन भरत आलंय. मार्चमध्ये केमनिट्सला लिनक्स-टागे, म्हणजे लिनक्सचे दिवस, असतात, १९९९ पासून. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ब्रसेल्सच्या विद्यापीठात फोसडेम हे मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन, त्याला ना तिकीट ना नोंदणी. आणि एवढ्या लांब कशाला, तिकडच्या लिनक्सवाल्यांचा श्टामटिश असतो, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या टेबलाशी जमायचं. तू बिअर घेत नाहीस तर सफरचंदाचा रस माग, कुणी काही म्हणणार नाही.

फक्त रिकाम्या हाताने जाऊ नकोस. एखादा प्रश्न ने, पण तो पुरता खणलेला: काय केलं, काय दिसलं, लॉगमध्ये काय आलं. किंवा त्याहून चांगलं म्हणजे काही करून ने. एखाद्या प्रोग्रॅमची मराठी भाषांतरं अर्धवट पडली आहेत, ती पुरी कर. बग नोंदव. 'आधी मॅन्युअल वाच' म्हणून फटकारणारा एखादा भेटेलच, त्याच्यापाशी थांबू नकोस, शेजारचा माणूस हमखास खुर्ची पुढे सरकवतो. जर्मन अडखळेल, अडखळू दे. निम्मे शब्द तर कमांडच असतात.

अंकांचं विचारलं होतंस. ते रद्दीत जाणार नाहीत. 'लिनक्स फॉर यू'चे पहिले गठ्ठे बाबांनी माळ्यावरून काढून पुसले आहेत, इथल्या ग्रुपमधल्या एका मुलाला हवे आहेत. उबंटू या डिस्ट्रोच्या फुकट पोस्टाने यायच्या त्या सीडी मात्र मी ठेवल्या. ती योजना २०११ मध्ये बंद झाली, पण त्यांतले स्टिकर तू तुझ्या अभ्यासाच्या कपाटाला लावले होतेस, ते अजून तसेच आहेत आणि रंगारी आला तेव्हा मी त्याला त्यांना हात लावू दिला नाही.

एक काम कर. ओपनसुसे घातलेल्या त्या लॅपटॉपवर लिबरऑफिस उघडून 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा', 'शाळा' एवढं टाइप कर आणि मला स्क्रीनशॉट पाठव. भारतीय भाषांचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आयबस या टायपिंगच्या सोयीत मिळेल. कुठे बिघडलेलं दिसलं तर श्टामटिशला नेण्यासारखं काहीतरी तुझ्या हातात आपोआप आलं. मी इथे माझ्या डेबियन डिस्ट्रोवर तेच शब्द टाइप करून ठेवते, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून बघता येतील. पुढचा श्टामटिश कधी आहे ते विचारून तारीख कळव.

थंडी वाढली असेल, टोपी घालत जा. बाबा आठवण काढतात.

तुझी,
आई